वाशापासून हातभर

कुणाच्या घरी चूल बघायला गेले की मी आधी चुलीकडं बघत नाही, वरच्या भिंतीकडं बघते. मी येणार म्हणून बायका चूल सारवून ठेवतात, पोतेरं फिरवतात. भिंतीला कोण सारवतंय? पाइपाच्या सांध्याखाली डिंकासारखा तांबूस ओघळ असला तर समजायचं, सांधा उघडा आहे आणि लाकूड ओलं जळतंय. चुलीच्या तोंडावर काळं पसरलेलं असलं तर धूर मागं फिरतोय. मग बाई म्हणते, "धूर न्हाय होत ओ आक्का, कधीतरीच." मी मान डोलावते आणि पिशवीतून उदबत्ती काढते.

माझं नाव सुमन. माहेर निपाणीजवळचं, आई बिड्या वळायची. लग्न होऊन बेळगावात अनगोळला आले. मालक गवंडीकाम करायचे. एका संस्थेनं बायकांना निर्धूर चुली बांधायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा ते म्हणाले, "थापी धरायला मी शिकवतो, चुलीचं तेवढं तू बघ." त्याला आता तीस वर्षं होत आली. चुली बांधल्या, न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भट्ट्या बांधल्या, आणि गेली काही वर्षं दुसऱ्यांनी बांधलेल्या चुलींचे दोष शोधायलाच जास्त बोलावणी येतात. गॅस घरोघर आला, पण आंघोळीचं पाणी, भाकरी आणि भात उकडणं अजून लाकडावरच असतं.

आम्ही बौद्ध वस्तीतले. सुरुवातीला काही घरांत मला मागच्या परड्यातून आत घेत आणि परड्यातूनच बाहेर काढत. मी बांधलेल्या चुलीवर सगळ्या घराचा स्वयंपाक व्हायचा, मला चहा मात्र बाहेरच्या पायरीवर. आता ते कमी झालंय. गेलं असं म्हणत नाही मी, कमी झालंय म्हणते.

काम तसं अवघड नाही. धूर गरम असतो तोवर वर चढतो, गार झाला की बसकण मारतो. म्हणून पाइप उंच पाहिजे, शक्यतो सरळ पाहिजे, आणि वरचं टोक छपराच्या वर मोकळ्या वाऱ्यात पाहिजे. बुडाशी काजळी काढायला भोक ठेवलेलं असतं. त्यात आरसा तिरका धरला की पाइपातून आभाळाचा ठिपका दिसतो. नाही दिसला तर आत काजळी तुंबलीय, नाहीतर साळुंकीनं घरटं केलंय. सांध्यापाशी पेटती उदबत्ती फिरवायची. धुराची रेघ सांध्याकडं ओढली गेली तर तिथं फट आहे. अनगोळातल्याच एका निवृत्त साहेबांनी वास्तूसाठी पाइपाला तीन वाकणं घातली होती, धूर आग्नेयेलाच निघायला पाहिजे म्हणून. मी म्हटलं, "साहेब, वाकण काढा. जिना चढताना तुम्हीसुद्धा तीनदा वळला तर दमतासा." साहेब रागावले, पण दोन वाकणं काढली. एक वास्तूला ठेवलं.

सगळे दोष असे उघड्यावर नसतात. मागच्या हिवाळ्यात हिंडलग्याहून बोलावणं आलं. शेतकरी घर, मुलगा बँकेत, सून दीपा शाळेत शिकवायची, पण तान्ह्या बाळामुळं रजेवर होती. नवा बंगला, आत गॅसचा ओटा, त्याला लागूनच छोटी खोली, तिच्यात चूल. दीपाचं रोज सकाळी डोकं दुखायचं, उलटी व्हायची. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. सासू तानाबाई दारातच मला म्हणाल्या, "चुलीजवळ बसायची वेळ झाली की हिचं डोकं दुखतंय. शाळेत कधी दुखलं न्हाय." दीपा आतून ऐकत होती.

मी सगळं तपासलं. आरशात आभाळ दिसलं. सांधे घट्ट. पाइप गच्चीच्या कठड्याच्या वर चांगला निघालेला. भिंत स्वच्छ. उदबत्तीचा धूर चुलीच्या तोंडात शहाण्यासारखा आत जात होता. तानाबाई माझ्याकडं बघत होत्या, म्हणजे आता मी काय सांगते ते त्यांना माहीतच होतं. खरं सांगायचं तर मी पिशवी आवरायला घेतली होती.

मग मला वाटलं, चूल बघितली, पण चुलीपाशी बसणारीला कुठं काय विचारलं? मी दीपाला म्हटलं, "तू रोज सकाळी काय काय करतीस, ते आत्ता करून दाखव. एक पण गोष्ट सोडायची न्हाय."

तिनं पाणी तापवलं. जाळ खाली बसला, नुसते धगधगते इंगळ राहिले. बाळाला गार लागू नये म्हणून तिनं खिडकी लावली, मागचं दार लावलं. बाळाला दुपट्यात गुंडाळून चुलीच्या उबेला घेऊन बसली. मधेच उठून पलीकडं गॅसवर फोडणी टाकली आणि ओट्यावरचा धूर बाहेर फेकायचा पंखा चालू केला. मी चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरूनच होते. आत जाणारी धुराची रेघ थबकली, वाकली आणि सरळ माझ्या तोंडावर आली.

"पंखा बंद कर," मी म्हटलं. रेघ आत गेली. "चालू कर." रेघ बाहेर. चार वेळा केलं. तानाबाईंनाही धरायला लावली.

पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता. दारं-खिडक्या बंद असल्यावर तेवढी हवा कुठून तरी आत यायला पाहिजे. ती येत होती चुलीच्या पाइपातून, उलटी खाली. आणि त्या वेळेला चुलीत जाळ नसायचा, नुसते इंगळ. इंगळाला धूर नसतो म्हणून कुणाला संशय आला नाही. पण इंगळातनं जो वायू निघतो तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि बंद खोलीत तो माणसाला झोपवून टाकतो. चुलीपाशी तेवढा वेळ बसायची ती दीपाच. दीपा आणि बाळ.

बाळाचं नाव काढल्यावर दीपा रडायला लागली. तानाबाई उदबत्ती हातात धरून तशाच उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "दार लाव म्हणून मीच मागं लागायची हिच्या. पोराला वारं लागंल म्हणून." आणि मग सुनेला म्हणाल्या, "डोकं दुखतंय म्हणालीस की मी तुला काय काय बोलले गं." दीपानं त्यांच्या हातातली उदबत्ती काढून घेतली, त्यांच्या बोटाला चटका बसत आला होता.

भिंतीला खाली झरोका पाडायला सांगितला, इंगळ असेपर्यंत पंखा लावायचा नाही म्हटलं, आणि त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात दाखवायला लावलं. बाळ ठीक होतं. निघताना तानाबाईंनी ओटी भरली. बसमध्ये मी खिडकीशी बसून आपल्यावरच खूश होते. डॉक्टरांनाही न सापडलेला दोष मी शोधला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानापुराकडच्या एका गावातून फोन आला. नंदगडच्या पुढं आत गेलं की ते गाव लागतं. पार्वताक्काच्या घराला आग लागली होती.

पार्वताक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आठ वर्षांपूर्वी मी तिची चूल बांधली तेव्हा पहिली भाकरी तिनं माझ्या ताटात वाढली होती. स्वयंपाकघरात, तिच्या शेजारी बसवून. मी बिचकले तर म्हणाली, "बांधणारीनं आधी खायचं, मग घरानं." तेव्हापासून खानापुराकडं गेले की तिच्याकडं जेवल्याशिवाय मी परतत नव्हते.

मी पोचले तेव्हा स्वयंपाकघरावर छप्पर नव्हतं. कौलं फुटून अंगणात पडलेली, आतल्या माळ्यावर ठेवलेलं बियाण्याचं भात जळून गेलेलं. माणसं वाचली होती. पण तिच्या मालकांनी, आप्पांनी, जळते वासे हातानं ओढून खाली पाडले होते. त्यांच्या दोन्ही हातांना बोटांपासून कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. आदल्या दिवशी भात उकडायचं होतं. आमच्या इकडं उकड्या तांदळासाठी मोठ्या भांड्यात भात शिजवून वाळवतात, त्यासाठी चूल दिवसभर ढणढण पेटती ठेवावी लागते. दुपारी छपरातनं धूर निघाला.

अंगणात सगळे एकच बोलत होते. शॉर्ट सर्किट. महिन्याभरापूर्वी गावातल्या दत्तू वायरमननं स्वयंपाकघरात नवी वायर ओढली होती. दत्तू फणसाच्या झाडाखाली बसला होता, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन. पार्वताक्काचा दीर त्याच्यावर ओरडत होता, "घर जाळलंस की रं! आमच्या आप्पाचे हात गेले!" दत्तू पन्नाशीचा माणूस, खाली मान घालून ऐकत होता.

मी शिडी लावून भिंतीवर चढले. सवयीनं आधी पाइपाकडं बघितलं.

बाकीचे वासे वरवर जळले होते, सालीसारखे. पाइपालगतचा वासा मात्र आतून गेला होता. पाइपाच्या बाजूनं गोल खोबण पडलेली, हात लावला की कोळशाचा भुगा. एका दिवसात लाकूड असं होत नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं भाजत आलेलं लाकूड तसं होतं, आणि मग एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त जाळ झाला की पेट घेतं.

मला कळलं काय झालंय ते. पूर्वी आम्ही सिमेंटचे पाइप वापरायचो. ते जाड असतात, बाहेरून फार तापत नाहीत. छपरात भोक पाडून पाइप बसवायचा, पावसाचं पाणी गळू नये म्हणून भोवती माती गच्च दाबायची, असं मी शिकले होते. पुढं तसले पाइप मिळेनासे झाले आणि मी पत्र्याचे घ्यायला लागले. पत्रा लालबुंद तापतो. पाइप बदलला, पण मी बसवायची पद्धत बदलली नाही. वाशाला चिकटून, मातीत गच्च. ती माती अजून तिथंच होती, विटेसारखी भाजलेली. तिच्यावर माझ्या बोटांचे ठसे होते.

मी एक ढेकूळ काढून पिशवीत टाकलं आणि खाली आले. दत्तू उठून उभा राहिला. "आक्का, तुमी वर बघितलासा न्हवं? वायरीनं लागलं का ओ?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "नीट बघाय पाहिजे." आणि तीनची बस गाठली.

हे लिहायला आजही जड जातंय. घरी आले, जेवले नाही. मालकांनी विचारलं, "चूक तुझी हाय का?" मी म्हटलं, "व्हय." "मग?" भीती दोन प्रकारची होती. एक तर सरळच, आता मला चूल बांधायला कोण बोलावणार. दुसरी जुनी. त्यांच्यातली बाई आत घेतली आणि घर जळालं, असं कुणीतरी म्हणेल, आणि माझ्यामागं येणाऱ्या आमच्या पोरींनाही ते ऐकावं लागेल. ही दुसरी भीती खरी होती. पण पहिली लपवायला मी दुसरी पुढं करत होते, हेही मला कळत होतं. तो दिवस गेला, पुढचा गेला. फोन वाजला की मी बघत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेले. पार्वताक्काच्या अंगणात माणसं जमली होती. दत्तूला गावात कुणी काम द्यायचं नाही, असं ठरत आलं होतं. दत्तू कोपऱ्यात उभा होता, सोबत त्याची बायकोही होती.

मी पिशवीतलं ढेकूळ काढून आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. "वायरीनं न्हाय लागलं," मी म्हटलं. "माझ्या पाइपानं लागलं." मग सगळं सांगितलं, सिमेंटचा पाइप, पत्र्याचा पाइप, वासा, माती. शिडीवर दिराला चढवलं आणि ती खोबण दाखवली. तो खाली आला तो हाताला लागलेला कोळसा बघत. ज्याची मला भीती होती ते वाक्य कुणी बोललं नाही. निदान माझ्यासमोर तरी.

आप्पा म्हणाले, "तुला तवा ठावं न्हवतं न्हवं?"

"न्हवतं," मी म्हटलं. "पण ठावं करून घ्यायचं माझं काम होतं."

पार्वताक्का दारात उभी होती. ती पायऱ्या उतरून माझ्यासमोर आली. मला वाटलं ती घराबद्दल बोलेल, आप्पांच्या हातांबद्दल बोलेल. तिनं एवढंच विचारलं, "परवा तू वर चढलीस तवाच तुला कळालतं का?"

"व्हय."

"मग दोन दिस कुठं गेलतीस गं?"

दत्तूनं पिशवी उचलली, बायकोला चल म्हणाला आणि माझ्याकडं न बघता गेला.

त्या आठवड्यात मी आणि मालक बसलो आणि पत्र्याचे पाइप कुणाकुणाकडं बसवले ते आठवून आठवून लिहून काढलं. कौलारू घरं तेवढी वेगळी केली, कारण स्लॅबमध्ये लाकूड नसतं. मालकांच्या मोटारसायकलवर मागं शिडी बांधून आम्ही निघालो. बायकांना आश्चर्य वाटायचं. न बोलावता आलेली आक्का, आणि येऊन आधी छपरावर चढतेय. बऱ्याच ठिकाणी नशिबानं पाइप वाशांच्या मधून गेला होता. तीन घरांत वासा काळा पडलेला सापडला. निपाणीकडच्या एका घरात घरधनी आत सोडेना. "इतकी वर्सं काय झालं न्हाय, आत्ता काय हुतंय? तुला काम न्हाय काय?" मी त्याला म्हटलं, मी एक पैसा घेणार नाही, तुम्ही स्वतः चढा आणि वाशाला नख लावा. तो चढला. वरून त्यानं आपल्या बायकोला हाक मारली, "चूल इझिव गं आधी."

सगळीकडं एकच काम केलं. पाइपाच्या चारी बाजूंनी हातभर अंतरात लाकूड ठेवायचं नाही. वासा मधे आला तर कापायचा, बाजूला आडवा तुकडा देऊन भार पेलायचा. मोकळ्या जागेवर पत्रा, पाइपाला वरून पत्र्याची छत्री, म्हणजे पाणीही येत नाही. एवढंच काम. तेव्हाच करता आलं असतं.

दत्तू मला पुढं एकदा खानापूरच्या बसस्टँडवर भेटला. गावात त्याला पुन्हा कामं मिळत होती. शेजारी बसला, हत्यारांची पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाला, "आक्का, तुमी बोललासा म्हणून मी वाचलो, हे मला ठावं हाय. पर त्या दोन दिसांत माझी बायको नळावर पाण्याला गेली न्हवती." मी म्हटलं, "चुकले मी, दत्तूभाऊ." त्यानं मान हलवली. त्याची बस आली.

पार्वताक्काकडून फोन आला नाही. मीही केला नाही. पावसाळ्याआधी त्यांनी छप्पर घातलं आणि नवी चूल दुसऱ्या एका गवंड्याकडून बांधून घेतली, एवढं कानावर आलं. मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं.

मग एक दिवस तिचाच फोन. आवाज नेहमीसारखा, जणू कालच बोललो होतो. "सुमन, चूल बांधून झालीया. येऊन बघून जा."

मी गेले. आप्पांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, एका हाताची बोटं अजून पुरती मिटत नव्हती. मी शिडीवर चढले. गवंड्यानं काम चांगलं केलं होतं. वासा कापलेला, बाजूचा तुकडा नीट ठोकलेला. मी कोपरापासून बोटांपर्यंत हात लावून चारी बाजूंनी मोजलं. आरसा धरला, आभाळ दिसलं. उदबत्ती फिरवली. दोष शोधायची एवढी सवय, पण त्या दिवशी एकही सापडू नये असं वाटत होतं, आणि म्हणून मी सगळं दुसऱ्यांदा बघितलं.

खाली आले तर पार्वताक्का चुलीपाशी उकिडवी बसली होती. तेव्हा माझं लक्ष गेलं, चुलीत राख नव्हती. तोंडाला काळा डागही नव्हता.

"बांधून किती दिस झाले?" मी विचारलं.

"आज आठवा."

"आणि पेटवली न्हाईस?"

"तू बघितलं न्हवतंस की," ती म्हणाली. "बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर हाय."

तिनं काडी ओढली.